घर सोडून गेलेले लेकरू आणि कायदा

दसरा झाला की नांदूरघाटच्या वस्तीत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. मुकादमाची उचल आधीच घेऊन खर्च झालेली असते. कोयते बांधले जातात, गाठोडी, भांडी, शेळ्या, तान्ही लेकरे सगळे वर चढते आणि एका रात्रीत अर्धी वस्ती रिकामी होते. केज तालुक्यातच काय, बीड जिल्ह्यात गावोगावी हेच चित्र. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शाळेच्या पटावर नाव असलेली पोरे.

गेल्या हंगामात अशाच एका आजीचा बारा-तेरा वर्षांचा नातू सकाळी शाळेत म्हणून गेला तो परत आला नाही. आजी आमच्याकडे आली ती तिसऱ्या दिवशी. विहारात आम्ही रक्तदाब तपासत बसलो होतो. रांगेत बसली, नंबर आल्यावर हात पुढे केला आणि तेव्हा कुठे हळूच सांगितले. पोलिसांत का गेला नाहीत, असे विचारल्यावर म्हणाली, "ताई, पोलिसात नाव गेलं की लेकराला रिमांडात घालतेत. मग त्याला कोन सोडवून आनायचं? त्याचे मायबाप तिकडं फडात."

तीन दिवस. या तीन दिवसांत मूल मुंबईला पोहोचते, एखाद्या हॉटेलात कपबशा धुवायला लागते किंवा कुणाच्या तरी हातात सापडते. आजीची माया कमी पडली नव्हती. तिचा कायदा जुना होता. तो जुना कायदा आपल्या बहुतेक घरांत अजून चालू आहे, म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर थोडे कायद्याचे बोलणार आहोत. घर सोडून गेलेल्या लेकराच्या जिवाचा आणि तब्येतीचा प्रश्न पहिल्या दिवशी आपण काय करतो यावर ठरतो, आणि आपण काय करतो ते आपल्याला कशाची भीती वाटते यावर.

ही भीती आली कुठून

आजीची भीती खुळी नव्हती. 'रिमांड होम' हा शब्द महाराष्ट्रातल्या गरीब वस्त्यांनी स्वतःहून शोधलेला नाही, तो त्यांच्या वाट्याला आलेला आहे. मुंबईत १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या नावाची सुधारशाळा निघाली. १९२४ साली मुंबई इलाख्याचा मुलांसाठीचा कायदा झाला, १९४८ साली त्याजागी नवा आला. डोंगरीचे बालसुधारगृह तर जुन्या तुरुंगाच्या इमारतीतच होते. त्यामुळे चोरी केलेला मुलगा, रस्त्यावर झोपणारा मुलगा, भीक मागणारी मुलगी आणि सावत्र बापाच्या माराला कंटाळून पळालेले पोर या सगळ्यांकडे सरकार, पोलीस आणि समाज एकाच नजरेने बघत राहिले. "गप बस, नाहीतर डोंगरीला पाठवीन" असे मुंबईच्या चाळींतून आया म्हणत, त्यामागे हे होते.

१९८६ साली सगळ्या देशासाठी एक कायदा झाला आणि २ ऑक्टोबर १९८७ पासून लागू झाला. त्यात मुलांचे दोन भाग केले होते: 'उपेक्षित' आणि 'अपराधी'. ऐकायला बरे वाटते. पण त्याच कायद्यात सतरावे कलम होते, 'आटोक्यात न राहणाऱ्या' मुलांचे. मूल ऐकत नाही, आम्हांला आवरत नाही, अशी तक्रार आईबापाने मंडळापुढे केली तर मंडळ चौकशी लावून त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवू शकत असे. म्हणजे मुलाने कुणाचे काही चोरलेले नाही, कुणाला मारलेले नाही. ऐकत नाही एवढाच दोष. मोठ्या माणसाने घर सोडले तर त्याला कुणी कोंडत नाही, लहान मुलाने सोडले तर मात्र कोंडायची सोय. त्याच सुमाराला मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी देशभरच्या तुरुंगांत अडकलेल्या मुलांसाठी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती आणि मुलांना तुरुंगात ठेवू नका असे न्यायालयाला १९८६ मध्ये सांगावे लागले होते. तेव्हा आजीच्या पिढीने जे पाहिले ऐकले ते खोटे नव्हते.

ही गोष्ट फक्त आपल्याकडची नाही. अमेरिकेतही शाळा बुडवणे, घरातून पळून जाणे हे वयामुळेच होणारे 'गुन्हे' होते आणि त्यासाठी पोरांना कोंडत असत. १९७४ साली तिथे कायदा झाला की ज्या राज्यांना केंद्राचे पैसे हवे असतील त्यांनी असल्या कारणासाठी मुलांना बंदिस्त ठेवू नये. सहा वर्षांत त्याला पळवाटही काढली गेली: न्यायाधीशाने 'घरी राहा' असा हुकूम केला आणि मूल पुन्हा पळाले, तर हुकूम मोडला म्हणून कोंडता येईल. कायदा सुधारला तरी हाताची सवय लवकर सुटत नाही, हे श्रीमंत देशातही खरे.

'आणि'च्या जागी 'किंवा'

आपल्याकडे मोठा बदल २००० सालच्या कायद्याने झाला. त्याने 'आटोक्यात न राहणारे मूल' हे प्रकरणच ठेवले नाही. मुलगा असो की मुलगी, अठरा वर्षांपर्यंत बालकच, असे ठरवले. आधी मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळाच होती. मुलांचे दोन मार्ग वेगळे केले. ज्याच्यावर गुन्ह्याचा आरोप आहे ते मूल बाल न्याय मंडळापुढे जाईल आणि ज्याला काळजी व संरक्षण हवे आहे ते बाल कल्याण समितीपुढे. घरातून पळालेले मूल दुसऱ्या मार्गावर आले.

पण त्या कायद्याचे शब्द बघा. त्यात लिहिले होते, हरवलेले आणि पळून गेलेले मूल, आणि ज्याचे आईबाप चौकशी करूनही सापडत नाहीत. अक्षरशः वाचले तर ज्या मुलाचे आईबाप सापडतात ते या व्याख्येत बसतच नाही. आपल्या वस्तीतल्या पोराचे आईबाप सापडतात, गाव सापडते, नाव सापडते. मग त्याला नुसते बापाच्या हवाली केले, काम झाले. ते का पळाले, ज्या हातांच्या भीतीने पळाले त्याच हातांत आपण त्याला देतो आहोत का, हे विचारायचे कारण उरत नाही.

२०१५ सालच्या कायद्याने, जो १५ जानेवारी २०१६ पासून लागू आहे, इथे 'आणि' काढून 'किंवा' घातले: हरवलेले किंवा पळून गेलेले मूल, किंवा ज्याचे आईबाप सापडत नाहीत असे मूल. एका शब्दाचा बदल. आता आईबाप हयात असोत, घरचा पत्ता माहीत असो, तरी पळून गेलेले मूल हे काळजी व संरक्षणाची गरज असलेले मूल आहे आणि कायद्याने त्याचे ऐकून घ्यायला हवे. आम्हांला हा बदल फार मोलाचा वाटतो, आणि त्याची चर्चा जवळपास कुणीच केलेली नाही.

आज काय होते

आता आजीच्या प्रश्नाकडे येऊ. लेकरू पोलिसांना सापडले तर त्याचे काय करतात?

त्याला कोठडीत ठेवता येत नाही. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असला पाहिजे. मुलाचा विषय त्याने हाताळायचा. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मुलाला बाल कल्याण समितीपुढे न्यायचे. समितीत एक अध्यक्ष आणि चार सदस्य असतात, त्यांत किमान एक बाई असतेच. समिती महिन्यातून किमान वीस दिवस बसली पाहिजे. ती बसलेली नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही मुलाला नेता येते, त्यामुळे 'समिती आज नाही' म्हणून मुलाला चौकीत बसवून ठेवण्याची सबब चालत नाही. समिती मुलाशी बोलते, सामाजिक चौकशीचा अहवाल मागवते आणि तो पंधरा दिवसांत यायला हवा. तोवर मूल बालगृहात राहू शकते. बालगृह म्हणजे निरीक्षणगृह नव्हे. दोन्हींना आपण 'रिमांड'च म्हणतो, म्हणून घोटाळा होतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे: या कायद्याचा पायाच असा आहे की मुलाला संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय. होता होईल तो त्याला घरी पाठवायचे. मूल पुण्या-मुंबईला सापडले तरी तिथली समिती त्याला आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे पाठवू शकते, सोबतीला माणूस देऊन. आजीला एकटीला पुण्याला जाऊन कुणाच्या पाया पडायची गरज नाही. तिने ओळखीचा एखादा कागद, शाळेचा दाखला किंवा मुलाचा फोटो घेऊन बीडला जाणे पुरते. पाया तर तिथेही पडायचे नाहीत.

समितीने अडवले, पैसे मागितले, अपमान केला, तर कायद्याने तिच्या कामाविषयीची तक्रार ऐकण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे. समितीच्या कामाचा दर तीन महिन्यांनी आढावाही त्यांनीच घ्यायचा आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. वकील लागलाच तर अनुसूचित जातीच्या माणसाला, बाईला आणि मुलाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला न मागता. बौद्धांना १९९० पासून अनुसूचित जातीत धरले आहे, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. प्राधिकरणाचा फोन १५१००.

आता मूल सापडायच्या आधीचे. "चोवीस तास थांबा, येईल घरी" असे कुणी म्हणाले तर थांबायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी बचपन बचाओ आंदोलनाच्या खटल्यात स्पष्ट सांगितले आहे की मूल हरवल्याची तक्रार आली की गुन्हा नोंदवायचा, आणि मूल पळवले गेले असावे असेच धरून तपास सुरू करायचा. नुसती 'मिसिंग'ची नोंद पुरेशी नाही. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर तपास मानवी तस्करीविरोधी पथकाकडे जायला हवा. गुन्हा 'पळवणाऱ्या अज्ञात इसमावर' नोंदला जातो, लेकरावर नाही. हे आम्ही आजीला तीनदा सांगितले. तिसऱ्यांदा तिला पटले.

ठाणे लांब असेल, रात्र असेल, तर १०९८ वर फोन करा. हा नंबर मुंबईत १९९६ साली सुरू झाला. पूर्वी तो संस्थांमार्फत चाले, आता सरकार चालवते आणि तो ११२ शी जोडलेला आहे. पैसे लागत नाहीत. फोन मुलालाही करता येतो, म्हणून हा नंबर घरातल्या मोठ्यांपेक्षा पोरांना पाठ हवा.

मूल पळते तेव्हा

आपल्या घराघरांत बाबासाहेबांचा फोटो आहे. पण ही आठवण फार थोड्या घरांत सांगितली जाते. आई गेलेली, वडिलांनी दुसरे लग्न केलेले, सावत्र आईशी मन जुळत नाही, अशा दिवसांत साताऱ्याला असलेल्या लहानग्या भीमाने घर सोडून मुंबईला जायचे ठरवले होते. साताऱ्याची पोरे मुंबईच्या गिरण्यांत कामाला लागतात असे त्याने ऐकले होते. गाडीभाड्याला पैसे हवेत म्हणून शेजारी झोपणाऱ्या आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती लागली, तर तिच्यात निघाला अर्धा आणा. अर्ध्या आण्यात मुंबई कशी गाठणार? बेत फसला आणि त्याने ठरवले की आता अभ्यास करायचा. बाबासाहेबांनीच ही गोष्ट पुढे सांगितली आहे.

त्या पिशवीत दोन रुपये असते तर? सातारा स्टेशनावर किंवा भायखळ्याच्या गिरणीबाहेर तो पोरगा सापडला असता, तर त्याला काय म्हटले असते: चोर, की दुःखी लेकरू? दोन्ही खरे होते. प्रश्न असा की मोठ्यांनी आधी काय पाहायचे.

मूल एका दिवसात पळत नाही. आधी त्याचे शरीर बोलते. मोठे झालेले पोर पुन्हा अंथरूण ओले करू लागते. शाळेच्या दिवशी पोट दुखते, रविवारी दुखत नाही. जेवण सुटते किंवा अधाशासारखे खाते. रात्री दचकून उठते. एखाद्या माणसाच्या, नातेवाइकाच्यासुद्धा, सावलीला थांबत नाही. दारू पिऊन बाप घरी यायच्या वेळेला ते नेमके घराबाहेर असते. हे सगळे आजारासारखेच पाहा. अंगावर काढू नका. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्याचा फोन आहे, मराठीत बोलता येते. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवता येते. शाळेत मारत असतील तर शिक्षण हक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने ते बंद आहे, आणि 'मास्तर मारतात म्हणून शिकतं' असे म्हणणाऱ्या बापानेही ते वाचावे.

घराबाहेर चार रात्री काढलेल्या मुलाची तब्येत वेगळी असते. स्टेशनावर पोरे भूक मारायला आणि थंडी विसरायला रुमालावर व्हाइटनर किंवा पंक्चरचे सोल्यूशन ओतून हुंगतात. एकदा हुंगल्यानेही हृदय बंद पडू शकते. मुलाला नशेची वस्तू किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. हॉटेलात, गॅरेजमध्ये, वीटभट्टीवर पळालेले पोर 'सांभाळले' असे सांगणारे मालक असतात. पोराला कामाला जुंपून मजुरी अडवून ठेवली तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. असे पोर आपल्या ओळखीच्या हॉटेलात दिसले तर आपणही गप्प राहायचे नाही. आईबापांपासून तुटलेले मूल दिसल्यावर चोवीस तासांत कळवणे हे सापडणाऱ्यावरही कायद्याने बंधनकारक आहे.

मूल परत आले की वस्ती गोळा होते. पहिली थोबाडीत कोण देतो, एवढाच प्रश्न राहतो. आमचे कळकळीचे सांगणे आहे, त्या दिवशी हात उचलू नका. परत आल्याबद्दल मार बसला तर मूल एवढेच शिकते की पुढच्या वेळी परत यायचे नाही. आधी पाणी, मग मऊ भात किंवा पेज, थोडे थोडे, कारण उपाशी पोटाला एकदम मटण-भाकरी सोसत नाही. अंघोळ. अंगावर खरूज दिसली तर औषध सगळ्या घराने एकदम लावायचे. कुत्रे चावले का, जखम झाली का, विचारायचे आणि इंजेक्शनला न्यायचे. मग झोपू द्यायचे. चौकशी दुसऱ्या दिवशी.

आणि एक गोष्ट जी विचारायला जीभ रेटत नाही. बाहेर कुणी त्याच्या अंगाला हात लावला का? हे मुलींइतकेच मुलग्यांच्या बाबतीत घडते. गर्दीत विचारू नका. ज्याच्यावर मुलाचा जीव आहे अशा एकाच माणसाने, एकट्यात, "तुझी चूक नाही" असे आधी सांगून विचारावे. तसे काही घडले असेल तर बहात्तर तासांच्या आत सरकारी दवाखाना गाठावा. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्याची औषधे त्या मुदतीतच सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. मुलीला दिवस राहू नयेत म्हणूनचे औषधही लवकरच द्यावे लागते. सरकारी असो की खासगी, कोणत्याही दवाखान्याला अशा मुलावर मोफत उपचार नाकारता येत नाहीत. आधी पोलीस कागद आणा, मग तपासू, असे म्हणता येत नाही.

पोरींचे वेगळे आहे

मुलगा पळाला तर म्हणतात वाया गेला. मुलगी पळाली तर म्हणतात नाक कापले. म्हणून मुलगी गेली की घरचे तक्रारच देत नाहीत, किंवा देतात ती थेट कुणाच्या तरी पोरावर.

आपल्या जिल्ह्यात बालविवाह अजून लागतात. फडात पोरीला एकटीला ठेवायची भीती, मागे म्हाताऱ्यांकडे ठेवायची भीती, आणि नवरा-बायकोच्या जोडीला कोयता मिळतो हा हिशोब. चौदा-पंधरा वर्षांची पोर लग्नाच्या भीतीने मावशीकडे पळाली तर ती पळपुटी नाही. लग्न लावले जाण्याच्या बेतात असलेली मुलगी हीसुद्धा या कायद्याने काळजी व संरक्षणाची गरज असलेली मुलगी आहे. तिने १०९८ ला फोन केला तर समिती तिला घरी परत पाठवायलाच पाहिजे असे नाही. घरी जायचे नाही, असे मूल सांगत असेल तर समितीने ते ऐकायचे आणि कारण तपासायचे आहे. घरी पाठवणे चांगले, पण ज्या घरातून ती जीव वाचवून निघाली त्या घरी नव्हे.

दुसरा प्रकार आवडीच्या मुलाबरोबर जाण्याचा. इथे आमच्या वस्त्यांनी सावध राहावे असे कडक बोलावे लागते. मुलगी अठराच्या आतली असेल तर तिच्या संमतीला लैंगिक गुन्ह्यांच्या २०१२ च्या कायद्यात किंमत नाही. १ जुलै २०२४ पासूनच्या भारतीय न्याय संहितेत १३७ वे कलम अठराच्या आतल्या कोणत्याही मुलाला पालकांच्या ताब्यातून नेण्याला अपहरण म्हणते. मुलगी स्वतःहून घराबाहेर पडली आणि मुलाने तिला फूस लावली नाही, तर ते 'नेणे' होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वरदराजन खटल्यात १९६४ सालीच सांगितलेले आहे. पण ते सिद्ध होईपर्यंत पोर आत असते. आणि मुलगी दुसऱ्या जातीची, पोर आपल्या वस्तीतले असले की वस्तीवर काय येते ते आम्ही लिहायला नको. मुलगाही अठराच्या आतला असेल तर त्याला कोठडीत नव्हे, बाल न्याय मंडळापुढे न्यायला हवे. घरच्यांनी पहिल्या तासात शाळेचा दाखला घेऊन ठाण्यात जावे, कारण वयाचा पहिला पुरावा तोच. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर गंभीर कलमे लागली तर त्याला मोठ्या माणसासारखा खटला चालवायचा का, याची चौकशी होऊ शकते. म्हणून तिथे विधी सेवा प्राधिकरणाचा वकील पहिल्या दिवसापासून हवाच.

कायद्यात अजून काय कमी आहे

कायदा कागदावर पुढे गेला, हे मान्य. पण मूल घरी पोहोचले की फाइल बंद होते. त्याच्या घरी जाऊन पुढे पाहत राहायचे हे नियमात आहे, प्रत्यक्षात नांदूरघाटच्या वस्तीत कुणी आलेले आम्ही पाहिले नाही. बीडला समितीपुढे जायचे म्हणजे एक रोज बुडतो आणि एसटीचे भाडे जाते. पुढची तारीख पडली की दुसरा रोज. आईबाप फडात असतील तर उचल फिटल्याशिवाय मुकादम सोडत नाही. पळून गेलेल्या मुलाचा कायदा हंगामी स्थलांतराचा विचारच न करता लिहिलेला आहे, असे आमचे मत झाले आहे. समितीने तालुक्याच्या ठिकाणी किंवा फोनच्या पडद्यावर पालकांचे ऐकावे, हंगामात आजी-आजोबांना पालक धरून कागद करावेत, अशी मागणी आपण जिल्हाधिकाऱ्यांच्या आढाव्यात केली पाहिजे.

गावपातळीवर मात्र एक गोष्ट आपल्या हातात आहे. प्रत्येक गावात गाव बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष असतात आणि अंगणवाडीताई काम पाहतात. तुमच्या गावात ती आहे का, शेवटची बैठक कधी झाली, हे ग्रामसभेत विचारा. एक पालक गेलेला, एकटी आई सांभाळते आहे, अशा मुलांसाठी बालसंगोपन योजनेत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात जातो. आपल्या वस्तीत अशी किती घरे अर्ज न करता बसली आहेत ते मोजायला एक संध्याकाळ पुरते.

आजीचा नातू चौथ्या दिवशी पुणे स्टेशनावर रेल्वे पोलिसांना सापडला. तिथल्या समितीपुढे त्याला विचारले, का पळालास? तो म्हणाला, पळालो नाही, आईकडे चाललो होतो. आईबाप सांगलीकडे कुठल्याशा कारखान्याला आहेत एवढे त्याला माहीत होते. आठ दिवस आईचा फोन लागत नव्हता, म्हणून तो निघाला आणि चुकीच्या गाडीत बसला. आमच्यासकट सगळ्यांनी तोवर त्याला 'पळालेला' म्हटले होते. विचारणारी ती पहिलीच माणसे होती.

त्याला बीडला आणले, आजीच्या ताब्यात दिले. शाळा चालू आहे. या वर्षी त्याच्यासह वस्तीतल्या मागे राहणाऱ्या मुलांची नावे हंगामी वसतिगृहासाठी शाळेत दिली आहेत, मंजुरी अजून आलेली नाही. भाद्रपद पौर्णिमेला विहारात बसून कोणत्या घरात कोणते मूल कुणाकडे राहणार, आईबाप कोणत्या कारखान्याला जाणार आणि मुकादमाचा फोन नंबर काय, याची वही करणार आहोत. येताना शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स आणि मुलाचा एक फोटो आणावा.